बिनविषाची खळ

गल्लीत तिला सगळे खळताई म्हणत, आणि तेही तोंडावर. तिचे वडील पुस्तकं बांधायचे. ते गेल्यावर तीच बांधू लागली. मैद्याची खळ शिजवून शिजवून तिच्या अंगालाच तो कोमट, आंबूस वास लागला होता, ती दुकानात शिरली की दुकानदार मान वर न करता म्हणायचा, "या खळताई." तिनं लग्न केलं नाही. कोणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "नवऱ्याला सरळ करायचं म्हणजे रात्रभर दाबाखाली ठेवावं लागतं. माझं यंत्र रिकामं कुठंय?" धाकट्या भावाला तिनंच वाढवलं आणि त्याच्यासाठी मुलगी पाहायलाही तीच गेली. मुलीला तिनं एकच प्रश्न विचारला, कागदाच्या वासानं डोकं दुखतं का? मुलगी नाही म्हणाली. ठरलं.

ती मुलगी या घरात वहिनी झाली. वयानं एवढी मोठी असूनही खळताई तिला वहिनीच म्हणायची, आणि ती खळताईला नुसतं ताई. वहिनी कॉलेज शिकलेली. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तिनं मेणाच्या तबकात उंदीर टाचण्यांनी टोचून फाडला होता, त्याचं काळीज अगदी जवळून पाहिलं होतं. त्यामुळे उंदरांना आपण भीत नाही, अशी तिची प्रामाणिक समजूत होती.

घर बैठं होतं. रस्त्याकडची खोली कामाची, मधली झोपायची, मागे स्वयंपाकघर. कामाच्या खोलीत कोपऱ्यात पुस्तकं दाबायचं लोखंडी यंत्र, वर फिरकीचं चाक असलेलं, इतकं जड की वडिलांनी ठेवलं तेव्हापासून ते जागचं हललं नव्हतं. वर लाकडी फळ्यांचा माळा, आणि माळ्यावर वर्षानुवर्षांचं कातरण, म्हणजे पुस्तकांच्या कडा कापल्यावर पडणाऱ्या कागदाच्या पट्ट्या, पोती भरभरून ठेवलेलं. खळताई काही टाकून देत नसे.

तिच्या हातची शिवण अशी की जाडजूड पुस्तकही उघडलं की तळहातासारखं सपाट पडायचं. पण तिच्या कामात एक खोट होती. तिची पुस्तकं किड्यांना आवडायची. बाकीचे बांधणारे खळीत मोरचूद घालतात. निळा खडा, विषारी. त्यानं खळीला कसर आणि झुरळं तोंड लावत नाहीत. खळताईची खळ मात्र पांढरीशुभ्र. ग्रंथालयातला माणूस एकदा पोखरलेलं पुस्तक घेऊन आला आणि म्हणाला, "खळताई, तुमची शिवण शंभर वर्षं टिकेल हो, पण तिच्याबरोबर पुस्तकही टिकलं तर बरं." तिनं पुस्तक ठेवून घेतलं, पुन्हा बांधून दिलं, पुन्हा पांढऱ्याच खळीनं. वहिनीनं कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "घरात शिजतं ते खाता आलं पाहिजे." वहिनीला वाटलं, असेल एखादा जुना हेका.

माळ्यावरचा आवाज वहिनीनं पहिल्यांदा ऐकला तो दुपारी. कापणं-ठोकणं थांबलेलं, गल्ली जेवून आडवी झालेली. वर फळ्यांवरून कोणीतरी पळालं. टपटप टपटप, मग थांबलं, मग पुन्हा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. फटीतून धूळ गळली आणि उन्हात तरंगत राहिली. खळताई दाभणात दोरा ओवत होती. वर न बघता म्हणाली, "राहू दे. तो असाच पळतो."

"कोण तो?"

"उंदीर गं. दुसरं कोण?"

उत्तर बरोबर होतं, पण अंमळ उशिरा आलं होतं. घरात उंदीर ढिगानं होते, हे लेंड्यांवरून आंधळ्यालाही कळलं असतं. खळताईच्या बोलण्यात मात्र तो एकच असायचा. आज तो लवकर आला. आज त्यानं दोऱ्याचं रीळ पळवलं. आज त्याचा पत्ता नाही, बरं नसेल. वहिनीच्या अंगावर काटा यायचा आणि तिची तिलाच लाज वाटायची. शिकलेल्या माणसानं उंदराला उंदीर समजावं, एवढं तरी तिला जमायला हवं होतं.

मग मुलगी झाली. जन्मतःच अशी गुटगुटीत की गल्लीनं बारशाची वाट न बघता तिचं नाव ढमी ठेवून टाकलं. ढमी एका जागी पडून होती तोवर वहिनीनं सगळं निभावून नेलं. ती रांगायला लागली आणि वहिनीच्या डोळ्याला डोळा लागेना. ढमीला जग तोंडानं बघायचं होतं. पुठ्ठ्याचा तुकडा, दोरा, मेलेलं झुरळ, जे हाताला लागेल ते तिला चाखायचं असे. आणि तिच्या तळव्यांचा फरशीवरचा आवाज तंतोतंत माळ्यावरच्या आवाजासारखा होता. एकदा वहिनी ओट्यापाशी पाठमोरी उभी असताना ती टपटप ऐकून म्हणाली, "ढमे, इकडे ये बघू." वळून पाहिलं तर ढमी तिच्या पायाशीच दुपट्यावर गाढ झोपलेली. आवाज वरून येत होता, आणि तिनं हाक मारताच थांबला होता.

त्या दिवसापासून वहिनीनं ध्यास घेतला, हे घर साफ करायचं.

आधी मांजर आणलं. मांजराला खळीची चटक लागली. ते यंत्रावर ऊन खात पसरायचं आणि उंदीर त्याच्या शेपटीजवळून अदबीनं जायचे. मग पिंजरा आणला. त्यात रोज एक उंदीर सापडायचा, पण खळताई सगळ्यांच्या आधी उठून पिंजरा परसात नेऊन उघडायची. संध्याकाळी तो परत हजर. वहिनीचा नवरा म्हणाला, "आपण उंदीर पकडत नाही, त्याला पहाटेचं फिरवून आणतो."

पिंजरा कुठं ठेवावा म्हणून एकदा वहिनी कोपऱ्यातल्या यंत्रामागे वाकली आणि तिला ती ताटली दिसली. पितळी, घासून लख्ख. मागे भिंतीत मुठीएवढं भोक, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. ताटलीत कडेला खळीचा वाळलेला पापुद्रा. संध्याकाळी तिनं पाळत ठेवली. दिवसाची खळ शिजवून झाली की खळताईनं त्यातली चमचाभर काढली, वर चिमूटभर साखर घातली, आणि यंत्रामागे नेऊन ठेवली.

नवऱ्याला विचारलं तर तो मान खाजवू लागला. म्हणाला, ताईचं ते फार जुनं आहे, त्यावर बोलू नये. त्याच्या आधी एक भाऊ होता, अगदी लहानपणी पोटाच्या दुखण्यानं गेला. त्याचा वाटा ठेवते, असं आई म्हणायची. याहून जास्त त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायचा धीरही त्यानं केला नव्हता. "पण खातात उंदीर," वहिनी म्हणाली. "ते तिला सांगणार कोण?" नवरा म्हणाला.

वहिनीनं कीडवाल्याला बोलावलं. पाठीवर फवारणीची टाकी, गळ्यात रुमाल, बोलणं डॉक्टरच्या थाटाचं. भिंतींवर टिचक्या मारत त्यानं घर तपासलं आणि निदान सांगितलं. झुरळांना बिजागरीत जेलचे ठिपके, कसरीला फवारा, उंदरांना विषाच्या वड्या. एका दिवसात सगळं. घरात तान्हं आहे म्हटल्यावर म्हणाला, मग दोन दिवस माहेरी जाऊन या, तेवढाच बदल. वहिनीनं विचारलं, वडी खाऊन उंदीर मरतो कुठं? तो म्हणाला, ते त्याच्या मर्जीवर. तहान लागते, बाहेर पडतात बहुतेक. बहुतेक म्हणजे? माळ्यावर मेला तर? तो हसला. "वहिनी, मग आठ दिवस उदबत्ती लावा."

खळताई तोवर गप्प शिवत बसली होती. ती उठली, त्याची टाकी स्वतः उचलून उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवली आणि म्हणाली, "विष या घरात येणार नाही." आवाज चढला नव्हता. कीडवाला वहाणा घालायलासुद्धा विसरला, परत येऊन घेऊन गेला.

त्यानंतर ते घडलं. दुपारी ढमी दुपट्यावर झोपली होती. अचानक किंचाळली. वहिनी धावली तोवर दुपट्याच्या कडेनं काहीतरी करडं सरपटत कामाच्या खोलीत गेलं. ढमीच्या टाचेवर दोन बारीक भोकं, त्यांतून रक्ताचे दोन थेंब. दवाखाना झाला, सुया झाल्या, ताप आला, उतरला. खळताई त्या सगळ्या वेळात भिंतीसारखी पांढरी होऊन ढमीचे पाय हातात धरून बसली होती. वहिनीला वाटलं, आता तरी हिचे डोळे उघडतील.

संध्याकाळी खळताईनं ताटलीत दोन चमचे खळ वाढली. वहिनी दारात उभी राहून बघत होती. खळताई ओशाळून म्हणाली, "पोट भरलं नसेल त्याचं. नाही तर कशाला चावला असता?"

त्या क्षणी वहिनीला या बाईची, जिच्या हातचं ती इतकी वर्षं जेवली होती तिची, उंदरापेक्षा जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती दूध आणायला गेली आणि येताना पिशवीत विषाच्या वड्या घेऊन आली. निळसर, मेणचट, साबणाच्या तुकड्यांसारख्या. रोगापेक्षा इलाज जालीम होऊ नये म्हणून तिनं चारदा विचार केला. ढमीच्या हाताला लागणार नाही अशी घरात एकच जागा होती, यंत्रामागची. यंत्र आणि भिंत यांच्यातल्या फटीला तिनंच ढमीसाठी एक जड फळी आडवी लावली होती. शिवाय उंदीर यायचेही तिथूनच. खळताई बाजारात गेली असताना तिनं फळी सरकवली, एक वडी भोकाच्या तोंडाशी ठेवली, ताटलीपासून वीतभर दूर, आणि फळी पुन्हा घट्ट लावली. हात राखेनं धुतले, साबणानं धुतले, पुन्हा धुतले.

तिला हे ठाऊक नव्हतं की खळताईनं त्या दिवशी रोजची वेळ मोडली होती. उंदीर भुकेला आहे असं मनात घेतल्यामुळे ती आता दुपारीही एक वाढप करत होती. बाजारातून आल्यावर तिनं फळी काढली, अंधारात हातानं चाचपून ताटलीत खळ ओतली, आणि तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं म्हणून फळी तशीच टेकवून उठली.

वहिनी कपडे वाळत घालून आली तर ढमी जागेवर नव्हती. टपटप ऐकू आली नाही, रडणं ऐकू आलं नाही. यंत्रामागून फक्त चाटण्याचा आवाज येत होता. वहिनीला वाटलं, उंदीर. मग यंत्राखालून तिला ढमीचा गुबगुबीत पाय दिसला.

ढमी ताटलीपुढे बसली होती. तोंड, हनुवटी, हात पांढरे. तिनं आईकडे पाहून हसून बोट पुढं केलं, घे म्हणून. तिच्या मांडीजवळ विषाची वडी पडली होती, आणि वडीचा एक कोपरा कुरतडलेला होता.

वहिनीनं झडप घालून तिला बाहेर ओढलं. गिऱ्हाईक सोडून खळताई आली. तिनं ढमीचं पांढरं तोंड पाहिलं आणि तिच्या घशातून जो आवाज आला तो वहिनीला पुढं कित्येक महिने कानात वाजत राहिला. वडी तिला दिसलीसुद्धा नव्हती. नुसत्या खळीला पाहून ती तशी ओरडली होती.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी वडीचं वेष्टण वाचलं, ढमीचे डोळे, जीभ, हिरड्या पाहिल्या आणि विचारलं, "उलटी झाली?"

वहिनी नाही म्हणणार तेवढ्यात खळताई म्हणाली, "झाली. आधी पांढरी. मग पाणी पाणी करायला लागला. मी पाणी दिलं. ते चुकलं का हो?"

डॉक्टरबाई वहिनीकडे बघू लागल्या.

"नाही झाली उलटी," वहिनी म्हणाली. "हिला अजून काहीच झालेलं नाही."

"मग या कोणाचं सांगतायत?"

खळताईला स्वतःचं बोलणं तेव्हा ऐकू आलं असावं. ती मागे सरकत भिंतीला टेकली आणि तशीच खाली बसली.

डॉक्टरबाईंनी सांगितलं, हे विष रक्त पातळ करतं, आणि लगेच नाही, दोन-तीन दिवसांनी. मुलीनं खाल्लं असेल तर औषध आहे, वेळेत आलात. खाल्लं नसेल तर उत्तमच. आज रक्त तपासू, परवा पुन्हा तपासू. तोवर हिरड्यांतून रक्त येतंय का, अंगावर काळे-निळे डाग उठतायत का, डोळ्यात तेल घालून बघत राहा.

बाहेरच्या बाकड्यावर, ढमी आईच्या मांडीवर झोपून गेल्यावर, खळताईनं ते सांगितलं. न रडता, थांबत थांबत, जसं दुसऱ्या कोणाचं पुस्तक वाचून दाखवावं तसं. त्यांच्या घरी वडील खळ शिजवायचे, आणि मोरचूद घालायच्या आधी दोन्ही पोरांच्या, तिच्या आणि त्या गेलेल्या भावाच्या, बोटावर साखर घालून एकेक चाटण द्यायचे. तो पोरांचा वाटा. मोरचूद पडला की मग हात लावायचा नाही, हे दोघांनाही पाठ होतं. एकदा उंदरांनी कहर केला, गिऱ्हाइकांची पुस्तकं फस्त केली. वडिलांनी काळ्या विषाची पुडी आणली, आणि उंदरांना वास येऊ नये म्हणून आत पुडी आणि वर खळ अशा गोळ्या वळल्या. ताटलीत घालून तिच्या हातात दिल्या आणि बजावलं, यंत्रामागे ठेव, धाकट्याला दिसू देऊ नकोस. तिनं वरून कागद झाकला, भिंतीच्या कडेकडेनं गेली, सांगितलं होतं तस्संच केलं. पण धाकट्यानं पाहिलं. पांढरी खळ दिसली त्याला, आणि ती लपवून नेणारी बहीण दिसली.

"त्याला वाटलं, ताई माझा वाटा लपवतेय," खळताई म्हणाली. "जाताना मला तेवढंच म्हणाला. माझा वाटा का लपवला."

मग खळताईनं पुन्हा विचारलं, पाणी दिलं ते चुकलं का. त्या काळच्या त्या काळ्या पुडीला पोटात पाणी मिळालं की काय होतं, हे वहिनीनं कॉलेजात वाचलेलं होतं. ती म्हणाली, "छे हो ताई, पाण्यानं काय होतंय." हे खोटं ती पुढंही कधी मागे घेणार नव्हती.

खळताई म्हणाली, "मला कळत नाही असं समजू नकोस. उंदीरच खातात ते. पण सकाळी रिकामी असते ना ताटली. मग दिवस जातो."

"मी तुमच्यापासून लपवून विष ठेवलं," वहिनी म्हणाली. "तुम्ही आमच्यापासून लपवून खळ ठेवत होतात. आणि ठेवायला दोघींना जागा एकच सापडली."

दोन दिवस घरात कोणी मोठ्यानं बोललं नाही. ढमी मात्र मजेत होती; जो तो आपलं तोंड उघडून हिरड्या का बघतोय हे तिला कळेना, आणि तिनं खळताईचं बोट दोनदा कडकडून चावलं. खळताई चावल्या बोटाकडे बघत बसायची, त्यावर रक्त ढमीचं तर नाही ना. दुसऱ्या तपासणीतही रक्त साफ निघालं. वडीचा कोपरा उंदरानंच कुरतडला होता. घरी येता येता वहिनी मध्येच रस्त्याच्या कडेला बसली, तेव्हा नवऱ्यानं ढमीला घेतलं आणि खळताईनं वहिनीला.

घरी आल्यावर खळताई म्हणाली, "आता तू म्हणशील तसं करू. नाही तरी माझ्यानं काय झालं ते दिसलंच."

"माझ्यानं काय झालं तेही दिसलं," वहिनी म्हणाली. "माझं नको, तुमचं नको. दोघींना झोप लागेल असं काहीतरी करू."

मग वहिनीनं आपल्याला जे समजलं होतं ते सांगितलं. विष घातलं तर ते कधी कोणाच्या तोंडी जाईल याची हमी नाही, शिवाय मेलेल्या उंदरांच्या जागी बाहेरचे येतात. जेवू घातलं तर ते कधीच जात नाहीत. तिसरी वाट कंटाळवाणी, पण तीच खरी. त्यांचं अन्न तोडायचं, बिछाना काढून घ्यायचा, दारं बुजवायची. उंदीर उपाशी राहिला की स्वतःच बिऱ्हाड हलवतो. अन्न तोडायचं म्हणताना तिनं खळताईकडे पाहिलं नाही.

माळ्यावरचं कातरण उतरवलं. पोत्यात पोत्यात घरटी निघाली, कागदाच्या बारीक पट्ट्यांची, वाटीसारखी गोल, आत पळवलेल्या रिळांचा रंगीत दोरा गुंडाळलेला. खळताई एक घरटं हातात घेऊन म्हणाली, बांधणी चांगली आहे, आणि इतक्या दिवसांत नवरा पहिल्यांदा हसला. खळीला झाकणाचा डबा आला. कामाची फळी रोज संध्याकाळी गरम पाण्यानं पुसायची असं ठरलं. पुस्तकं उन्हात निघाली. झुरळांसाठी चिकट पुठ्ठे, आणि तेही ढमीच्या हातापासून उंच. कीडवाल्याला पुन्हा बोलावलं तर तो म्हणाला, फवारा नको, वड्या नको, मग मला काय आरती करायला बोलावलंत? पण माणूस भला होता. भोकं कुठं कुठं असतात ते त्यानं दाखवलं, मोरीच्या नळाशेजारी, वासा भिंतीत शिरतो तिथं, उंबऱ्याखाली. तारेची घासणी आत कोंबून वर सिमेंट. आणि जाताना म्हणाला, एक भोक सगळ्यात शेवटी बुजवा, नाही तर जो आत राहील तो आतच मरेल.

शेवटचं भोक कुठलं ठेवायचं हे कोणी बोललं नाही. यंत्रामागचं राहिलं.

पहिल्या संध्याकाळी खळ शिजली, डब्यात गेली, झाकण लागलं. खळताई चमचा हातात धरून उभी राहिली. वर टपटप सुरू झाली होती. मोकळ्या फळ्यांवर ती आता जास्तच मोठी वाटत होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मग बरोबर यंत्राच्या वर येऊन थांबली. वहिनी ढमीला कडेवर घट्ट धरून दारात होती. तिला वाटलं, आता ही झाकण उघडणार, आणि आपण काही म्हणू शकणार नाही. खळताईनं चमचा धुतला आणि पालथा घातला.

आत कोण उरलंय ते कळावं म्हणून वहिनीनं भोकासमोर मैदा भुरभुरवला. सकाळी त्यावर पावलांची नुसती जत्रा होती. रोज सकाळी खळताई गुडघ्यांवर बसून ते बघायची, पुसायची, नवा मैदा टाकायची. पावलं कमी कमी होत गेली. मग एका सकाळी एकच रांग उमटलेली होती. इवलेसे पंजे, बोटं पसरलेली, मधून शेपटीची बारीक रेघ, आणि सगळी पावलं बाहेरच्या दिशेनं.

"गेला," खळताई म्हणाली. "उंदीर," असंही म्हणाली, वहिनी ऐकतेय म्हणून.

पुढच्या सकाळी मैदा कोरा. त्याच्या पुढच्याही. वहिनी सिमेंट कालवायला निघाली तर खळताईनं अजून एक दिवस मागितला. मग अजून एक. वहिनी देत गेली. ढमीला दिवसभर कडेवर घेऊन तिचा हात भरून यायचा, भोक उघडं होतं तोवर तिला खाली ठेवायची छाती होत नव्हती. बाहेरून कोणी परत आत शिरलं तर सगळं मुसळ केरात. पण ज्या बाईनं इतकी वर्षं ते दार उघडं ठेवलं होतं तिला ते लावून घ्यायला कसं सांगावं, हे कॉलेजात शिकवत नाहीत. वर माळ्यावर काही हलत नव्हतं. दुपार झाली की दोघीही काम थांबवून ऐकत राहायच्या.

एका सकाळी खळताई यंत्रामागून उठली ती गुडघ्यांना मैदा लागलेला तसाच ठेवून म्हणाली, "मला वाटलं, पाऊल आहे. वाऱ्यानं झालं होतं." जरा थांबली. "सिमेंट कालव."

तिनं तारेचा गुंडा स्वतः आत कोंबला. खूप आत, मनगटापर्यंत हात घालून, आणि हात लगेच बाहेर काढला नाही. मग हात बाहेर आला. खळताईनं सिमेंट थापलं, कडा बोटानं दाबल्या, पुस्तकाचा कणा बसवतात तशा.

"ताई," वहिनीनं विचारलं, "बरं वाटत नाही का?"

"फार शांत झालं गं," खळताई म्हणाली. मग म्हणाली, "सोड तिला खाली."

वहिनीनं ढमीला फरशीवर ठेवलं. इतक्या दिवसांनी जमीन मिळालेली ढमी क्षणभर गोंधळली, आणि मग जे नवं दिसलं तिकडे निघाली, ओल्या सिमेंटकडे. वहिनी उचलायला वाकली, पण खळताई आधीच भिंतीला पाठ लावून फतकल मारून बसली होती, दोन्ही हात पसरून, यंत्र आणि भिंत यांच्यातली फट सगळी अडवून. बाहेर गिऱ्हाइकानं हाक मारली. तिनं जागेवरूनच सांगितलं, उद्या या, आज मला उठता येणार नाही. सिमेंट वाळेपर्यंत ती तिथंच बसून राहिली, आणि ढमी तिच्या गुडघ्यावर चढायची खटपट करत राहिली.